अपग्रेडनंतर नेट गेलं, पण अपग्रेडमुळेच गेलं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे एका ऑफिसच्या आयटी विभागात इंटर्न आहेत, दुसरा महिना चालू आहे. ४० मशीन विंडोज १० वरून विंडोज ११ वर न्यायचं काम त्यांच्याकडे आलंय. १२ झाली आणि त्यांतल्या ५ ठिकाणांहून तक्रारी आल्या. एकाला १६९ ने सुरू होणारा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो आणि काहीच चालत नाही, दोघांना शेअर्ड फोल्डर उघडत नाही, एकाचा प्रिंटर ऑफलाइन दिसतो आणि एक मशीन ‘भयंकर स्लो’ आहे. सिनियर म्हणतात अपग्रेडने बिघडवलं, नेटवर्कवाले म्हणतात आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. पाचही मशीनवर ‘नेटवर्क रिसेट’ मारून झालाय, फरक पडलेला नाही. आता तपासायचं कुठून आणि उरलेल्या २८ चं काय करायचं?

मुदत असलेली गोष्ट आधी सांगतो. अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय १० दिवसच टिकते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथलं ‘गो बॅक’ तेवढेच दिवस चालतं, नंतर ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर आपोआप उडतो. मधेच कुणी ‘जागा कमी पडतेय’ म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये जुन्या विंडोजवर टिक केली तर त्याच दिवशी उडतो. डीआयएसएम या विंडोजच्याच कमांडमधल्या ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ या पर्यायाने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती पहिल्या १० दिवसांच्या आत वाढवावी लागते. तक्रार असलेल्या पाचही मशीनवर हे आजच करून ठेवा. तुम्हाला बहुतेक मागे जावं लागणार नाही, पण तपास चालू असताना परतीचा रस्ता बंद व्हायला नको.

आता मूळ अडचण. पाच वेगवेगळ्या तक्रारींना ‘अपग्रेडनंतरचा प्रॉब्लेम’ असं एकच नाव पडलंय आणि अपग्रेडच्या आदल्या दिवशी ही मशीन कशी चालत होती याची नोंद कुणाकडेच नाही. नोंद नसली की सिनियरचं म्हणणंही खोडता येत नाही आणि नेटवर्कवाल्यांचंही. शिवाय माणूस आपल्या मशीनकडे बारकाईने बघायला लागतो तो नवीन विंडोज टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी. वर्षभर अर्धवट तुटलेल्या केबलवर निमूट काम करणाऱ्याला त्याच दिवशी ते स्लो वाटू लागतं.

नेटवर्क रिसेटबद्दल स्पष्ट बोलतो, कारण जवळजवळ प्रत्येक नवीन मुलाचा हात आधी तिकडेच जातो. ते बटण सगळे नेटवर्क ॲडॉप्टर काढून पुन्हा बसवतं आणि त्यांच्या सेटिंग्ज मूळ पदावर आणतं. हाताने दिलेला आयपी जातो, डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) जातो, सेव्ह केलेले वायफाय जातात, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर अनेकदा पुन्हा टाकावं लागतं. नेटवर्कचा प्रकार पुन्हा ‘पब्लिक’ होऊ शकतो, मग फायरवॉल शेअरिंग अडवते. म्हणजे दोष जिथे दिसला असता नेमकी तीच जागा पुसली जाते आणि वर दोन नवीन दोष यायची शक्यता तयार होते. तुमच्या पाच मशीनमध्ये अपग्रेडचं किती आणि रिसेटचं किती, हे आता वेगळं काढत बसावं लागेल. ते बटण वाईट नाही, पण त्याची जागा शेवटची आहे.

तुम्ही काही गोष्टी लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांवर फिरतं: मशीन डोमेनमध्ये (सगळ्यांची लॉगिन एका मध्यवर्ती सर्व्हरवर) आहेत की नुसत्या वर्कग्रुपमध्ये (प्रत्येक मशीन स्वतंत्र), जोडणी वायरने आहे की वायफायने, आयपी आपोआप मिळतो की हाताने दिलेला आहे, आणि विंडोज ११ ची नेमकी कुठली आवृत्ती टाकली. शेवटचं बघायला रन मध्ये ‘विनव्हर’ टाका. २३एच२ आणि २४एच२ या दोघांचं शेअर्ड फोल्डरच्या बाबतीत वागणं वेगळं आहे, म्हणून हे विचारतोय. खाली मी वायरने जोडलेलं साधं ऑफिस धरलंय. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजीतून.

कुठल्याही मशीनवर मी खालून वर जातो: वायर, आयपी, गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार, बहुधा राउटर), बाहेरचं जग, नाव, मग ती विशिष्ट सेवा. हा क्रम पाठ करायचा म्हणून सांगत नाही. खालची पायरी निखळलेली असेल तर वरच्या पायरीवर जे दिसतं ते सगळं खोटं असतं, म्हणून हा क्रम. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा आणि आलेलं सगळं एका फाइलमध्ये साठवा. काही बदलण्याआधी. मग गेटवेला पिंग करा, म्हणजे छोटी पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघा. नुसतं पिंग म्हटलं की विंडोज ४ पॅकेट पाठवतं आणि चारही परत आले की लोक खूश होतात. १०० तल्या ५ पॅकेट गळत असतील तरी चारही सुखरूप परत यायची शक्यता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून ‘-एन १००’ लावून शंभर पाठवा. वायरवर गेटवेपर्यंतचा वेळ १ मिलिसेकंदाच्या आसपास आणि गळती शून्य हवी. दोन-तीन जरी गळली तरी केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हरकडे बघायचं, ब्राउझरकडे नाही.

गेटवे ठीक असेल तर बाहेरच्या एखाद्या आयपीला पिंग आणि मग ‘एनएसलुकअप’ ने एखादं नाव. आयपी लागतो पण नाव लागत नाही, तर डीएनएस. इथे एक सापळा आहे: डोमेनमधल्या मशीनवर ‘नेट चालू होतं’ म्हणून डीएनएसच्या जागी ८.८.८.८ टाकून देणं. इंटरनेट चालू होतंही, पण ऑफिसच्या सर्व्हरची नावं त्या बाहेरच्या डीएनएसला ठाऊक नसतात. मग लॉगिनला पाच-पाच मिनिटं लागतात, ड्राइव्ह सापडत नाहीत आणि तक्रार वेगळ्याच नावाने परत येते. दुसरं, पिंगला उत्तर नाही म्हणजे समोरचं यंत्र बंद असं धरू नका. अनेक फायरवॉल पिंग अडवतात आणि बाकी सगळं जाऊ देतात. ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ला सर्व्हरचं नाव आणि ‘-पोर्ट’ (त्या सेवेच्या दाराचा क्रमांक) देऊन विचारलं की नेमकं कळतं: शेअर्ड फोल्डरसाठी ४४५, वेबसाठी ४४३, बहुतेक नेटवर्क प्रिंटरसाठी ९१००. आणि टास्कबारवर पृथ्वीचं चिन्ह येऊन ‘नो इंटरनेट’ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. विंडोज मायक्रोसॉफ्टचा एक ठरावीक पत्ता तपासून ते चिन्ह दाखवतं. तो पत्ता ऑफिसच्या फायरवॉलने अडवला असेल तर इंटरनेट चालू असूनही चिन्ह तसंच राहतं.

आता १६९ वालं मशीन. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी विंडोज स्वतःच स्वतःला देतं, डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलं नाही की. त्यामुळे ‘आयपी मिळालाय पण चालत नाही’ असं नसून मिळालेलाच नाही. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी अदलाबदल करा: हे मशीन शेजारच्या, चालू असलेल्या केबलला लावा आणि शेजारचं मशीन याच्या केबलला. दोष मशीनबरोबर गेला तर मशीनमध्ये, जागेवरच राहिला तर केबल, भिंतीतला पॉइंट किंवा स्विच. दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्धी शक्यता तिथेच गळून पडते.

जागेवर राहिला तर एक गोष्ट आठवून बघा: अपग्रेडसाठी ते मशीन उचलून तुमच्या टेबलावर आणलं होतं का? परत लावताना केबल पॅनेलवर किंवा भिंतीवर दुसऱ्याच पोर्टात गेली असेल तर ते पोर्ट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) असू शकतं, किंवा त्यावर पोर्ट सिक्युरिटी असू शकते, म्हणजे ओळखीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला नाही की स्विच ते पोर्ट बंद करतो. काही स्विचवर बंद झालेलं पोर्ट कुणीतरी उघडेपर्यंत बंदच राहतं, मूळ मशीन परत लावलं तरी. हा दोष अपग्रेडच्या दिवशीच जन्मतो, पण विंडोजचा त्यात काडीचा संबंध नसतो. यूएसबी-लॅन डोंगल वापरून अपग्रेड केलं असेल तर तीच गोष्ट: मॅक ॲड्रेस डोंगलचा असतो, मशीनचा नव्हे.

दोष मशीनबरोबर गेला तर ड्रायव्हर बघा. अपग्रेडमध्ये विंडोज कधीकधी उत्पादकाचा ड्रायव्हर काढून आपला सर्वसाधारण ड्रायव्हर बसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या ड्रायव्हरची तारीख आणि पुरवठादार बघा, चालू असलेल्या त्याच मॉडेलच्या मशीनशी ताडून. वायरवर लॉगिन लागणारं नेटवर्क असेल, म्हणजे ८०२.१एक्स, तर ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सेवा चालू आहे का आणि सर्टिफिकेट जागेवर आहे का हेही बघा. ही सेवा मुळात आपोआप सुरू होणारी नसते. हाताने दिलेला आयपी असेल तर आणखी दोन शक्यता. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मध्ये पत्त्यापुढे ‘डुप्लिकेट’ लिहिलेलं दिसलं तर तोच पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय, आणि अशा वेळीही विंडोज १६९ वर जातं. दुसरी शक्यता भुताची: ड्रायव्हर बदलला की विंडोजला तो नवा ॲडॉप्टर वाटतो आणि आयपी जुन्या, आता न दिसणाऱ्या ॲडॉप्टरला चिकटून राहतो. तोच आयपी पुन्हा द्यायला गेलं की ‘हा पत्ता दुसऱ्या ॲडॉप्टरला दिलेला आहे’ असा संदेश येतो. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा, अंधुक दिसणारा जुना ॲडॉप्टर काढून टाका, मग आयपी द्या.

आणि हे सगळं ठीक असूनही पत्ता मिळत नसेल तर डीएचसीपीचा साठा संपलाय का हे नेटवर्कवाल्यांना विचारा. /२४ च्या, म्हणजे लहान ऑफिसात नेहमी दिसणाऱ्या आकाराच्या, नेटवर्कमध्ये वापरता येणारे पत्ते २५४, त्यांतले काही सर्व्हर-प्रिंटरना राखीव. विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीवर एकदा दिलेला पत्ता मूळ सेटिंगप्रमाणे ८ दिवस अडकून राहतो. त्याच नेटवर्कवर फोन आणि पाहुण्यांचे लॅपटॉप येत असतील तर साठा लवकर आटतो.

शेअर्ड फोल्डरचं प्रकरण मात्र खरोखर अपग्रेडचं असायची दाट शक्यता आहे. मी पैज लावायची तर इथे लावेन. आधी पोर्ट ४४५ तपासा. बंद दिसलं तर रस्ता अडलाय: व्हीपीएन, फायरवॉल किंवा चुकीचा सर्व्हर. उघडं असूनही फोल्डर उघडत नसेल तर दोन्ही बाजूंचं बोलणं जुळत नाहीये. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये एसएमबी सायनिंग (फोल्डर शेअरिंगच्या एसएमबी भाषेत प्रत्येक संदेशावर सही) सक्तीचं आहे, आणि प्रोमध्येही पासवर्ड नसलेला ‘गेस्ट’ प्रवेश आता मुळातच बंद येतो; एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये तो विंडोज १० पासूनच बंद होता. त्यामुळे कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून असलेला नॅस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) किंवा ‘एव्हरीवन’ ला खुला ठेवलेला जुना पीसी, जो काल विंडोज १० वरून बिनतक्रार उघडत होता, तो आज उघडत नाही. संदेश नीट वाचा. त्यात ‘अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस’ असे शब्द असतील तर शोध तिथेच संपला.

यावर इंटरनेटवर हमखास सापडणारा उपाय म्हणजे विंडोजमधली सक्ती काढून टाकणं, किंवा त्याहून वाईट, एसएमबी १ ही जुनी आवृत्ती चालू करणं. एसएमबी १ अजिबात नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर जगभर पसरलं ते त्यातल्याच भगदाडातून. बदल नॅसच्या बाजूला करा: फर्मवेअर ताजं करा, एसएमबी २ आणि ३ चालू ठेवा, सायनिंगला पाठिंबा आहे का बघा, आणि प्रत्येकासाठी किंवा निदान प्रत्येक विभागासाठी नाव-पासवर्ड तयार करा. मग क्रेडेन्शियल मॅनेजरमधली त्या सर्व्हरची जुनी नोंद पुसून नव्याने जोडा. ही शेवटची पायरी विसरली की बरोबर पासवर्ड टाकूनही जुनाच पासवर्ड पाठवला जातो आणि माणूस डोकं धरून बसतो. जोडणी झाल्यावर पॉवरशेलमध्ये ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ चालवा. ‘डायलेक्ट’ (एसएमबीची आवृत्ती) खाली ३.१.१ दिसलं की उत्तम, २ च्या वरचं काही दिसलं तरी चालेल. नॅस इतका जुना असेल की यातलं काहीच येत नाही, तर तो बदलायचा निर्णय वरच्यांचा आहे. तुमचं काम तसं लिहून देण्याचं.

तुमच्या दोन मशीनपैकी एकच मशीन गेस्टवर अडकलंय आणि दुसरं वेगळ्याच कारणाने, असंही होऊ शकतं. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपीने उघडून बघा. आयपीने उघडलं आणि नावाने नाही, तर परत डीएनएसवर या. डोमेनमध्ये असाल तर घड्याळही बघा: मशीन आणि सर्व्हर यांच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख तपासणारी व्यवस्था, ओळख नाकारते. रोज सकाळी घड्याळ मागे पडलेलं दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

प्रिंटर. आधी एवढंच बघा की तो थेट नेटवर्कवर आहे की कुणाच्या तरी पीसीवरून शेअर केलाय. थेट असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब उघडा. ‘डब्ल्यूएसडी’ असं लिहिलेलं असेल तर तो प्रिंटर आपोआप शोधला जाण्याच्या भरवशावर चालतोय, आणि रिसेटनंतर नेटवर्क पब्लिक झालं की ते शोधणंच बंद पडतं. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, आणि कायमचं करायचं तर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवून प्रिंटरचा आयपी द्या. तो आयपी डीएचसीपीमध्ये राखून ठेवायला सांगा, नाहीतर प्रिंटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलून हीच तक्रार पुन्हा येईल. दुसऱ्याच्या पीसीवरून शेअर केलेला असेल तर त्या पीसीचीही आवृत्ती बघा. विंडोज ११ च्या २२एच२ पासून प्रिंटिंगसाठी दोन मशीनमधलं बोलणं वेगळ्या वाटेने, आरपीसी ओव्हर टीसीपीने होतं. एक बाजू नवी आणि एक बाजू जुनी असताना अडकण्याचे प्रकार होतात. दोन्ही बाजूंना ताजे अपडेट टाकून मगच पुढचा विचार करा.

‘भयंकर स्लो’ या शब्दाचा अर्थ आधी माणसाकडून काढून घ्या. काय स्लो? चालू व्हायला, फाइल उघडायला, की वेबसाइट? अपग्रेडनंतर पहिला दिवस-दीड दिवस विंडोज पार्श्वभूमीला फाइलींची सूची नव्याने बनवतं, अपडेट उतरवतं, वनड्राइव्ह असेल तर तेही जुळवाजुळव करतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर नेटवर्ककडे बघूच नका.

नेटवर्कच स्लो असेल तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-नेटॲडॉप्टर’ चालवून ‘लिंकस्पीड’ बघा. १ जीबीपीएस हवं तिथे १०० एमबीपीएस दिसलं तर केबल संशयित. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. क्रिंपिंग करताना एक तार नीट बसली नसेल किंवा खुर्चीच्या चाकाखाली एक जोडी तुटली असेल तर जोडणी बऱ्याचदा बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. हिरवा लाइट लागलेलाच असतो आणि नेटवर्कवाल्यांना ‘सगळं हिरवं’ दिसतं, तेही खोटं बोलत नसतात. पडताळायला ऑफिसच्या सर्व्हरवरून १ जीबीची एक फाइल कॉपी करा. १०० वर वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास जाऊन तिथेच खिळतो आणि दीड मिनिट लागतं. गिगाबिटवर, दोन्हीकडच्या डिस्क धड असतील तर, दहा सेकंदांच्या आसपास काम होतं. ११ वर सरळ रेष दिसली की पॅच कॉर्ड बदला. नवीन पॅच कॉर्डनेही १०० च दिसलं तर भिंतीतली केबल टेस्टरने तपासायला सांगा. कुणीतरी एका बाजूला वेग ‘१०० फुल’ असा हाताने बांधून ठेवला असेल तरी घोळ होतो: दुसरी बाजू ऑटोवर असली की ती हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरते, आणि थोड्या वापरात सगळं ठीक, भार आला की रखडणं सुरू. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा.

वायफायवर एखादं मशीन असेल तर एवढं लक्षात ठेवा: २२एच२ पासून एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत, मशीन पात्र असेल तर, क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची माहिती चोरीपासून वाचवणारी सोय) मुळात चालू येतो, आणि नाव-पासवर्डवर चालणारं पीईएपी-एमएसचॅप व्ही२ प्रकारचं वायफाय लॉगिन आपोआप होईनासं होतं. टिकाऊ उपाय सर्टिफिकेटवर जाण्याचा आहे, आणि ते इंटर्नने एकट्याने करायचं काम नाही. ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ने गेल्या तीन दिवसांचा अहवाल निघतो. तो काढून सिनियरला द्या.

इथवरचा हिशेब: १६९ चं मशीन बहुधा पोर्ट किंवा ड्रायव्हरचं, फोल्डरची दोन बहुधा नव्या सुरक्षानियमांची, प्रिंटर कदाचित डब्ल्यूएसडी पोर्टचा, स्लो मशीन एक तर पहिल्या दिवसाचं नाहीतर केबलचं. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण मी मशीनसमोर बसलेलो नाही. पण पाचांना मिळून एक उपाय सापडणार नाही हे नक्की.

उरलेली २८. प्रत्येक मशीनवर अपग्रेडच्या आधी पाच-सात मिनिटं खर्च करा आणि एका तक्त्यात उतरवा: मशीनचं नाव, विंडोजची आवृत्ती, आयपी आपोआप की हाताने, गेटवे, डीएनएस, मॅक ॲड्रेस, लिंकस्पीड, ॲडॉप्टरच्या ड्रायव्हरची आवृत्ती, भिंतीवरच्या पॉइंटचा क्रमांक, जोडलेले ड्राइव्ह, प्रिंटर आणि त्यांचे पोर्ट, प्रॉक्सी आहे का, व्हीपीएन कुठलं. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’, ‘नेट यूज’, ‘गेट-प्रिंटर’ आणि ‘गेट-नेटॲडॉप्टर’ एवढ्या चार कमांडमध्ये यातलं बरंचसं येतं; बॅच फाइल करून पेनड्राइव्हवर ठेवा, निकाल मशीनच्या नावाने साठवा. पॉइंटचा क्रमांक मात्र टेबलाखाली वाकूनच बघावा लागतो. अपग्रेडनंतर तीच फाइल पुन्हा चालवा आणि दोन निकाल शेजारी ठेवा. लिंकस्पीड आधीही १०० आणि नंतरही १०० असेल तर त्या मशीनपुरता वाद मिटला.

सेटअप सुरू करण्याआधी ड्रायव्हर ‘पीएनपीयुटिल’ कमांडच्या एक्सपोर्ट पर्यायाने एका फोल्डरमध्ये काढून पेनड्राइव्हवर घ्या, कारण नेटवर्कचा ड्रायव्हर नसलेल्या मशीनवर नेटवर्कचा ड्रायव्हर डाउनलोड करता येत नाही. डेटाचा बॅकअप त्या मशीनबाहेर घ्या आणि त्यातली एक फाइल उघडून बघा. बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि बायोस अपडेट करणार असाल तर आधी बिटलॉकर सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या चालू होण्याला ती की मागितली जाईल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. एक फाइल उडवण्याचं काम होतं, पण बिटलॉकरची की हाताशी नसलेल्या ठिकाणी तेवढ्यासाठीही ताटकळावं लागलं.

एका दिवशी तीन-चारच मशीन घ्या. एकाच विभागातली सगळी एकदम नकोत, आणि आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी तर नकोतच. प्रत्येक मॉडेलचं एक आधी करा, दोन पूर्ण कामाचे दिवस त्या माणसाला वापरू द्या, मग त्याच मॉडेलची बाकीची. इन्स्टॉलरची फाइल ५ जीबीच्या वर असते, ती एकदाच उतरवून स्थानिक सर्व्हरवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. चार मशीन एकदम इंटरनेटवरून ओढायला लागली की ‘नेट स्लो’ ची तक्रार तुम्हीच तयार करता. टीपीएम २.० (सुरक्षा चिप) किंवा प्रोसेसरच्या अटीत न बसणारी मशीन निघाली तर रजिस्ट्रीतून पळवाट काढू नका. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे अशा मशीनसाठी पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायचे की मशीन बदलायचं, हे सिनियरने ठरवायचंय. यादी करून त्यांच्या हातात द्या.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून. ड्रायव्हर बदलला, डीएनएस बदलला आणि केबलही बदलली आणि मग चालू झालं, तर पुढच्या मशीनवर तुम्हाला तिन्ही गोष्टी कराव्या लागतील आणि तरी कारण कळणार नाही. उपयोग न झालेला बदल मागे घ्यायचा, तसाच ठेवायचा नाही.

राहता राहिले नेटवर्कवाले. ‘अपग्रेडनंतर नेट चालत नाही’ असं पाठवलंत तर ते डॅशबोर्ड बघून ‘इकडे ठीक आहे’ म्हणणार, त्यांच्या जागी मीही तेच म्हणेन. १६९ च्या मशीनबद्दल अदलाबदल करून झाली की असं लिहा: ‘मशीन १७, वायरने जोडलेलं, भिंतीवरचा पॉइंट २३. मॅक ॲड्रेसचा शेवट ४एफ-ए२. सकाळी ११:२० पासून १६९.२५४ चा पत्ता येतोय. त्याच पॉइंटला चालू असलेलं शेजारचं मशीन लावलं तर त्यालाही पत्ता मिळत नाही. मशीन १७ शेजारच्या पॉइंट २४ ला लावलं की लगेच मिळतो. पॅच कॉर्ड बदलून पाहिली, फरक नाही. पॉइंट २३ स्विचच्या कुठल्या पोर्टवर जातो, त्याची व्हीलॅन काय आहे आणि ते पोर्ट सिक्युरिटीने बंद झालंय का, एवढं बघाल का?’ यात त्यांना उठून यायचीही गरज नाही, आपल्या जागेवरून ते पोर्ट उघडून बघतील.